डिसेंबरमध्ये येजा

गुढीपाडव्याला गाडी घरी आली तेव्हा सोसायटीतल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, ॲव्हरेज किती देते. बाबांनी मात्र पेढा तोंडात टाकता टाकता विचारलं, "रेटिंग काय रे हिचं?" बाबा नागपूरजवळच्या कोराडीच्या वीज केंद्रात ३३ वर्षं टर्बाइनवर होते, रिटायर होऊन आता १२ वर्षं झाली, पण कोणत्याही मशीनबद्दल त्यांचा पहिला प्रश्न अजून हाच असतो, मग तो घरातला मिक्सर असो की वरातीतल्या डीजेचा जनरेटर. मी म्हटलं १५० हॉर्सपॉवर. "किलोवॅटमध्ये सांग ना बे." म्हटलं ११०. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला, बोटं हलली, आणि म्हणाले, "म्हणजे आमच्या २१० मेगावॅटच्या एका सेटचा एकोणीसशेवा हिस्सा." सेट म्हणजे त्यांच्या भाषेत टर्बाइन आणि जनरेटरची एक जोडी. आणि दुसरा पेढा उचलला.

गाडी म्हणजे फोक्सवॅगन व्हर्टस जीटी. दीड लिटरचं टर्बो पेट्रोल, १५० पीएस, २५० न्यूटन मीटर टॉर्क, सात गिअरची डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स. आता कोणी म्हणेल ही कुठली परफॉर्मन्स कार, तर भाऊ, आमच्या घरातली पहिली गाडी मारुती ८०० होती, ३७ हॉर्सपॉवरची, त्यात पाच जण बसून रामटेकच्या गडावर चढताना बाबा एसी बंद करायचे आणि आई नकळत पुढे वाकून बसायची, जणू तिच्या वाकण्याने गाडीला मदत होईल. त्या सीटवरून उठून आलेल्या माणसासाठी १५० म्हणजे चार मारुत्या एकाच बॉनेटखाली. एवढं असून दोन महिन्यांत माझ्या डोक्यात खूळ शिरलं की हिची पॉवर वाढवायची.

खूळ शिरलं ते सिवनीच्या रस्त्यावर. एप्रिलमधला एक रविवार, आम्ही चार गाड्या पहाटे निघालो होतो, ४४ नंबरचा हायवे, पेंचचा तो पट्टा जिथे वाघ-हरणांना जायला खालून वाट ठेवलीय आणि आपण वरून जातो. पुढे माझा एक मित्र, त्याच्याकडे सेम गाडी, सेम इंजिन, रंगही तोच, फक्त वर्षभर जुनी. टोलनाक्यातून दोघं सोबतच सुटलो आणि बघता बघता त्याचे टेललाइट लहान होत गेले. मी दाबूनच राहिलो होतो, तरी. नाश्त्याला थांबलो तर पठ्ठ्या हसून म्हणतो, "स्टेज वन केलं बे. लॅपटॉप लावला, दोन तास, झालं." ते टेललाइट लहान होत जाण्याचं दृश्य इतकं बोचेल असं वाटलं नव्हतं. चाळिशीतला माणूस, आयटी पार्कमध्ये टीमलीड, पोरगी सातवीत, आणि परतीच्या पूर्ण रस्त्याने मनात एकच, माझी गाडी त्याच्याहून नवी आहे आणि मी मागे राहिलो.

तर मी त्याच्या ट्यूनरकडे गेलो. हिंगणा रोडवर एका गॅरेजच्या मागच्या खोलीत बसतो, २६-२७ वर्षांचा पोट्टा, यवतमाळकडचा, इंजिनिअरिंग केलेलं, लॅपटॉपची बिजागरी तुटलेली म्हणून स्क्रीन विटेला टेकवून ठेवलेली. मला वाटलं होतं हा काहीतरी गोड गोड सांगून पैसे काढेल, पण त्याने खुर्ची ओढली आणि आधी अर्धा तास समजावून सांगितलं. इंजिनचा कंप्युटर म्हणजे ईसीयू, त्यात नुसते तक्तेच तक्ते असतात, इतक्या आरपीएमला ॲक्सिलरेटर इतका दाबला तर टर्बोने हवा किती दाबायची, पेट्रोल किती सोडायचं, स्पार्क पिस्टन वर पोहोचायच्या किती डिग्री आधी टाकायचा, आणि टॉर्क कुठल्या आकड्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. स्टेज वन म्हणजे गाडीच्या लोखंडाला हातही लावायचा नाही, फक्त हे तक्ते बदलायचे. स्टेज टू म्हटलं की मग एक्झॉस्टचा डाउनपाइप, मोठा इंटरकूलर, हवेचा फिल्टर, खर्चाला अंत नाही. "तुम्हाला वनच पुरे, दादा. दीडशेचे एकशे ऐंशी, टॉर्क तीनशे. पंचेचाळीस हजार." आणि मग ते वाक्य, जे माझ्या डोक्यातून पुढे आठ महिने गेलं नाही: "तसंही ही पॉवर तुमचीच आहे, कंपनी दाबून ठेवते."

दाबून ठेवते. म्हणजे बघा, १८-१९ लाख मोजून गाडी घेतली आणि त्यातले ३० घोडे कोणीतरी तबेल्यातच बांधून ठेवले, असं झालं की डोकं फिरतंच ना. महिन्याच्या पगारातून पीएफ कापल्यावर नव्या पोरांना जसं वाटतं अगदी तसं मला वाटलं, माझे पैसे, मला द्या.

घरी येऊन पुढचे पंधरा दिवस मी नुसतं वाचून राहिलो. रात्री बायको झोपली की फोन. एक गोष्ट लवकरच सापडली आणि ती चांगलीच टोचली. ह्या गाडीची सात गिअरची डीएसजी ही ड्राय क्लचवाली आहे, म्हणजे तिचे दोन्ही क्लच तेलात बुडालेले नसतात, आणि त्या गिअरबॉक्सची ठरलेली मर्यादा आहे २५० न्यूटन मीटर. इंजिन शोरूममधून निघतानाच देतं २५०. म्हणजे इंजिनवाल्याने आणि गिअरबॉक्सवाल्याने एका टेबलावर बसून तोलून आकडा ठरवलाय, आणि आपण जाऊन एका पारड्यात ५० टाकणार. मित्राला फोन केला. तो म्हणे, वर्ष झालं, काही झालं नाही. खरंच काही झालेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. त्याची गाडी आजही मस्त पळते. मर्यादा म्हणजे ती ओलांडली की दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स हातात येतो असं काही नसतं, तो आपला गुपचूप झिजत राहतो, आणि झीज कुठल्याही मीटरवर दिसत नाही.

कायद्याचं म्हणाल तर माझा साळा इथल्याच हायकोर्टाच्या खंडपीठात वकिली करतो, त्याला गंमत म्हणून विचारलं तर त्याने जेवणाच्या ताटावर अख्खं कलम ऐकवलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीत लिहिलेल्या गोष्टींपेक्षा वेगळं होईल असा फेरफार गाडीत करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच ठासून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए नव्याने लिहिलं गेलं, मालकाने असा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर एका बदलाला ५,००० दंड, किंवा दोन्ही. "आता ईसीयूचं सॉफ्टवेअर ह्यात बसतं का यावर मी दोन्ही बाजूंनी दीड-दीड तास बोलू शकतो," तो म्हणाला आणि वरणाची वाटी पुढे केली, "पण जिजाजी, इन्शुरन्सवाला तेवढा वेळ ऐकणार नाही." हे खरं होतं. बदल न कळवता पॉलिसी चालू ठेवायची आणि उद्या मोठा अपघात झाला तर क्लेम अडवायला त्यांच्या हातात आयतं कारण द्यायचं. वॉरंटी चार वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, ती वेगळीच. ट्यूनर म्हणतो सर्व्हिसिंगच्या आधी जुनी फाइल, म्हणजे कंपनीचे मूळ तक्ते, परत टाकून देतो, पण ईसीयूत किती वेळा लिहिलं गेलं याचा काउंटर असतो, आणि मुख्य म्हणजे दर सर्व्हिसिंगला चोरासारखं सर्व्हिस ॲडव्हायजरच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं, याला कळलं का, याला कळलं का. माझ्याच्यानं ते होत नाही. मी तर पोरीच्या शाळेत खोटं मेडिकल सर्टिफिकेट द्यायला गेलो होतो तर मॅडमसमोर मलाच खोकला आला.

बायकोला सांगायचं मी टाळत होतो. तिने अर्थात फोनवर बघून घेतलं होतं. तिचं म्हणणं पैशाबद्दल असेल असं मी धरून चाललो होतो आणि त्याची उत्तरं तयार ठेवली होती, दिवाळीचा बोनस वगैरे. ती एवढंच म्हणाली, "समृद्धीवर नेशील ना तू ही?" आमच्या घरात समृद्धी म्हटलं की सगळे एक क्षण गप्प होतात. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली, २५ माणसं गेली, आणि त्याच्या पंधराच दिवस आधी तिची बहीण तशाच रात्रीच्या बसने पुण्याला गेली होती. काही संबंध नाही, वेगळी तारीख, वेगळी बस. पण त्या दिवशी सकाळी टीव्हीसमोर ती ज्या पद्धतीने बसली होती ते मला आठवतं. मी म्हटलं, अगं वेग वाढवायला नाही, ओव्हरटेक करायला पॉवर लागते. "सहा लेनच्या रस्त्यावर कोणाला ओव्हरटेक करून राहिला तू?" याला उत्तर नव्हतं, म्हणून मी रुसलो. पुरुषाला उत्तर सुचत नाही तेव्हा तो रुसतो, हे तिला सोळा वर्षांत पाठ झालंय.

बाबांना विचारायचा प्रश्नच नव्हता, पण एका संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून आम्ही खाटा टाकून पडलो होतो, मे चालू झालेला, लाइट गेलेली, आणि लाइट गेली की बाबांना आपोआप कोराडी आठवतं. तेव्हा मीच बोलून गेलो, कंपनीवाले पॉवर दाबून ठेवतात म्हणून. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मला वाटलं झोपले.

मग म्हणाले, "आमच्यावर पण हाच आळ होता."

ते २००५-०६ च्या आसपासचं सांगत होते. लोडशेडिंगचे दिवस, विदर्भातल्या गावांत बारा-बारा तास लाइट नसायची, काटोलकडे आमच्या गावी बाबा गेले की चावडीवर लोक म्हणायचे, तुम्ही बोर्डवाले लाइट दाबून ठेवता. तेव्हा बोर्डाचे तुकडे होऊन कंपन्याही झाल्या होत्या पण गावात आणि बाबांच्या तोंडात अजून बोर्डच. लोकांचं दिसायला बरोबरच होतं, सेट २१० चा आणि मे महिन्याच्या दुपारी तो चालायचा १८० वर, कधी त्याहूनही खाली. मग वरचे ३० मेगावॅट कुठे गेले? कोणी खाल्ले?

"कंडेन्सर," बाबा म्हणाले. टर्बाइन फिरवून बाहेर पडलेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड पाण्याने गार करून परत पाणी करायची असते, ती जितकी चांगली गार होईल तितकं आत व्हॅक्यूम चांगलं, आणि व्हॅक्यूम चांगलं तर टर्बाइन मोकळी फिरते. डिसेंबरात कूलिंगचं पाणी बर्फासारखं, सेट २१० काय, वर दोन-चारही देईल. मे मध्ये तेच पाणी कोमट होऊन येतं, व्हॅक्यूम पडतो, आणि लोड उतरवावाच लागतो, नाही उतरवला तर सेट ट्रिप होतो आणि मग १८० ही गेले. "अन् गंमत पाय, कूलर कधी लावते लोक? मे मध्ये. मशीनपाशी सगळ्यात कमी असते तेव्हाच सगळ्यात जास्त मागते सारे." एकदा वरून फोनावर फोन आले म्हणून एका शिफ्ट इनचार्जने व्हॅक्यूम पडत असताना लोड धरून ठेवला होता. पुढे काय झालं ते बाबांनी सांगितलं नाही. फक्त म्हणाले, तीन दिवस आम्ही घरी आलो नव्हतो. मला ते तीन दिवस आठवतात, मी कॉलेजात होतो, आई डबा घेऊन गेटपर्यंत जायची.

"तुझ्या गाडीत हवा गार करायले काय आहे?" त्यांनी अंधारात विचारलं.

म्हटलं इंटरकूलर. टर्बो हवा दाबते, दाबली की हवा तापते, तापलेली हवा विरळ असते आणि तिच्यात पेट्रोल वेळेआधीच भडकायला बघतं, त्याला नॉकिंग म्हणतात, म्हणून मधे इंटरकूलर लावून ती गार करतात.

"कशानं गार करते?"

"पाण्यानं."

बाबा खाटेवर उठूनच बसले. "मंग कंडेन्सरच झाला ना बे तो!" सगळं टेक्निकली तसं नाही हे मला कळत होतं, पण मी बोललो नाही, कारण खूप दिवसांनी ते असे खुश झाले होते.

आता नागपूरच्या मे बद्दल नागपूरकरांना काय सांगायचं. २०१३ च्या मे मध्ये ४७.९ झालं होतं, तो इथला विक्रम. २०२४ च्या मे अखेरीस तर रामदासपेठेतल्या एका सेन्सरने ५६ दाखवले, देशभर बातम्या, नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. आम्हाला त्याचं फार वाईट वाटलं नाही, ऑफिसात सगळे म्हणाले, बिघडला नाही, तोच एक खरं बोलला. तर ह्या शहरात, मे च्या मध्यावर, दुपारी तीन वाजता मी ट्यूनरकडे गाडी घेऊन पोचलो. हो, गेलोच. कलम ५२ ऐकून, बायकोशी रुसून, कंडेन्सर समजून घेऊनही गेलो, माणूस असाच असतो. ॲडव्हान्सचे पाच हजार खिशात होते.

पोट्ट्याची एक सवय मला आवडली, फाइल टाकायच्या आधी तो स्टॉक, म्हणजे कंपनीने दिली तशीच असलेल्या, गाडीचा लॉग घेतो, चालत्या गाडीच्या सेन्सरचे आकडे नोंदवून ठेवतो. स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये वायर लावली, लॅपटॉप त्याच्या मांडीवर, मी चालवतोय, आउटर रिंगरोडचा मोकळा तुकडा, तो म्हणेल तेव्हा तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबायचं आणि सोडायचं. एसी त्याने बंद करायला लावला होता, दोघंही घामाने निथळत होतो, सीटचं लेदर चटके देत होतं. तीनदा केलं. तिसऱ्या वेळेनंतर त्याने गाडी एका कडुनिंबाखाली घ्यायला सांगितली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

इंजिनमध्ये जाणारी हवा ७१ डिग्री. इंटरकूलरमधून गार होऊन आल्यानंतरची ही गोष्ट. आणि खाली चार सिलिंडरचे चार आकडे, चारही मायनसमध्ये, एक पावणेपाच, एक साडेपाच, असे काहीतरी. नॉक सेन्सरला आतली कुरकुर ऐकू आली की ईसीयू स्पार्क तितक्या डिग्रीने मागे ओढतो, म्हणजे पॉवर सोडून देतो पण पिस्टन वाचवतो. सोप्या भाषेत, मे च्या दुपारी तीन वाजता माझी १५० ची गाडी आधीच १५० देत नव्हती. तिने स्वतःच लोड उतरवला होता.

"दाबून ठेवलेली पॉवर ती हीच का?" मी विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारलं.

पोट्टा कानकोंडा झाला. मग त्याने जे सांगितलं त्यासाठी मी त्याला आयुष्यभर मानेन. तो म्हणाला, दादा, कंपनी एकच फाइल लेहला पण देते आणि नागपूरला पण देते, कोणी ९५ ऑक्टेनचं पेट्रोल टाकतो, कोणी कुठल्या तरी आडगावच्या पंपावर टाकतो, कोणी वीस हजार किलोमीटर प्लग बदलत नाही, या सगळ्यांसाठी मिळून ती जागा सोडलेली असते. पुण्याचा माणूस ती काढून वापरू शकतो, त्याच्याकडे हवा बरी आहे. इथे मे मध्ये ती तुमची गाडी आत्ताच वापरून राहिली. त्याने इ२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दलही सांगितलं, की लोक मायलेज पडलं म्हणून शिव्या देतात, आणि ते खरंच पडतं कारण इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी, पण त्याचा ऑक्टेन जास्त म्हणून नॉकिंगला ते उलट चांगलं, म्हणजे आपल्या गडकरींनी ट्यूनरचं थोडं भलंच केलंय. "पण एकाहत्तर डिग्रीला इथेनॉल तरी काय करेल. आज मी फाइल टाकली तर कागदावर एकशे ऐंशी अन् रस्त्यावर काहीच नाही, फक्त इंजिन जास्त तापेल. पैसे ठेवा. डिसेंबरमध्ये येजा."

लॉगचे पाचशे रुपये घेतले त्याने. आणि मठ्ठा पाजला.

खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याचबरोबर फसल्यासारखंही. निर्णय घ्यायला गेलो होतो, तारीख घेऊन आलो, कोर्टातून येतात तसं. बाबांना लॉगचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून ते ७१ बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "पोट्टा कुठला म्हणाला?" यवतमाळचा. "चांगला ऑपरेटर आहे."

नंतर एक आगाऊपणा केला मी. अकराशे रुपयांचं डाँगल घेतलं, पोर्टमध्ये लावून ठेवलं, फोनमध्ये ॲप. मनीष नगर ते आयटी पार्क रोजचा रस्ता, छत्रपती चौकातलं जाम, मधे कधी वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावरून, आणि शनिवार-रविवार फुटाळा नाहीतर बाजार. २२ दिवसांनी बघितलं की ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला वेळ किती. १ मिनिट ४० सेकंद. बावीस दिवसांत शंभर सेकंद. त्यातले किती सेकंद मी केवळ ॲपमध्ये काहीतरी दिसावं म्हणून दाबलं ते वेगळं. पण गंमत अशी की हा आकडा बघून खूळ गेलं नाही, उलट वाटलं, तेवढे शंभर सेकंद तरी झकास जावेत. आइस्क्रीम रोज खात नाही म्हणून जेव्हा खातो तेव्हा बेचव खायचं का. तर तर्कानं हे प्रकरण सुटणारं नाही हे मला जूनमध्येच कळलं.

सप्टेंबरात बाबांना कारंजाला गुरुमंदिरात घेऊन गेलो. शिवमडक्याहून समृद्धीवर लागलो, पाऊस नुकताच उघडलेला, दोन्हीकडे कपाशी आणि सोयाबीन हिरवंगार. कारला १२० पर्यंत परवानगी आहे, पण बाबा सोबत म्हणून शंभरवर क्रूझ लावलं आणि पाय सोडून बसलो. बाबा मीटरच्या काट्यांकडे बघतच बसतात, प्रवासात त्यांना खिडकीपेक्षा तेच आवडतं. वर्ध्याच्या पुढे त्यांनी स्क्रीनवरच्या एका चिन्हाकडे बोट दाखवलं. "हे काय लिहून येऊन राहिलं?"

टू सिलिंडर मोड. ह्या इंजिनमध्ये तशी सोय आहे, लोड कमी असला की चारातले मधले दोन सिलिंडर ते बंद करून ठेवतं, व्हॉल्व्हच उघडत नाही, पेट्रोल वाचतं. सपाट रस्त्यावर शंभरने जायला लागतात किती, १५-२० हॉर्सपॉवर, त्याला दोन पुरतात.

"म्हणजे अर्धी मशीन स्टँडबाय?"

"हो."

"अन् तू ते हिंगण्यावाल्या पोट्ट्याकडे…" एवढंच बोलले आणि हसायला लागले. डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसले, मग ठसका लागला, मग मी पुढच्या इंटरचेंजच्या आधी गाडी बाजूला घेऊ का म्हणून विचारलं तर हातानेच नको म्हणाले. धामणगावपर्यंत अधूनमधून आठवून हसत होते. मलाही हसू आलं, पण थोडं लागलंही, सांगतो. स्वतःची हौस बापाने दोन शब्दांत मोजून टाकली की माणूस कितीही मोठा झाला तरी कान गरम होतात. पुढे एका ट्रकला ओव्हरटेक करताना मी उगाच दाबला, चारही सिलिंडर जागे झाले, गाडीने जी उडी मारली ती बाबांनाही आवडली, वरचं हँडल धरून म्हणाले, "हं. देते."

पंचेचाळीस हजारांतले २८ गेले चार चांगल्या टायर्सना. समृद्धीवर टायर फुटण्याच्या गोष्टी ऐकून ऐकून बायकोने टायर्सच्या नावावर एका वाक्यात मंजुरी दिली, हे मी आधीच ओळखायला हवं होतं. कंपनीचे टायर जेमतेम ९,००० चाललेले, ते काढून टाकताना टायरवाला माझ्याकडे वेड्यासारखा बघत होता. पण फरक आहे, वळणावर आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना तर फारच. ब्रेकचं ऑइलही बदलून घेतलं. बाकीचे १७ अजून बाजूला ठेवलेत, कशासाठी ते बायकोने विचारलेलं नाही.

आणि आता डिसेंबर. परवा पोरीला पहाटे बॅडमिंटनला सोडून रिकाम्या गाडीने परत येत होतो, गाडीच्या स्क्रीनवर बाहेरचं तापमान १० डिग्री, वर्धा रोडवर धुकं, पुलाखाली शेकोट्या. इंजिन गरम होऊ दिलं आणि विमानतळाच्या पुढे मोकळा रस्ता मिळाला तिथे एकदाच दाबला. बाप्पा! मे मधली तीच गाडी आहे यावर विश्वास बसेना. हिशोब केला तर ४५ डिग्रीच्या हवेपेक्षा १० डिग्रीची हवा साधारण १२ टक्के घट्ट असते, शिवाय स्पार्क मागे ओढायचं कारणच उरत नाही. ॲपमध्ये बघितलं, चारही सिलिंडरपुढे शून्य, शून्य, शून्य, शून्य. हवा २४ डिग्री. हे १५० खरे १५० होते, पाडव्यापासून पहिल्यांदा. घरी येऊन बाबांना सांगितलं, ते स्वेटर-मफलर लावून उन्हात पेपर वाचत बसले होते, म्हणाले, "व्हॅक्यूम चांगला आहे आज."

दुपारी पोट्ट्याचा मेसेज आला. दादा थंडी पडली, येऊन राहिले का? सोबत एका दुसऱ्या गाडीचा ग्राफ, निळी रेघ स्टॉकची, लाल रेघ नंतरची, मधे चांगलं अंतर.

मी लाल रेघ मोठी करून दोनदा पाहिली. "रविवारी सांगतो" असं टाइप केलं, पाठवलं. तो रविवार काल होऊन गेला. गाडी खाली उभी आहे, वर दव पडलंय, आणि मेसेजखाली त्याचा अंगठा.